१८७३: एक अर्पणपत्रिका आणि एक जळालेले न्यायालय

(१)
१८७३ साली जोतीराव फुल्यांचे ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झाले. जोतीराव आणि धोंडीबा यांच्या संवादातून उलगडणाऱ्या या पुस्तकाची अर्पणपत्रिका महाराष्ट्रात अनेकांना ठाऊक असते. कृष्णवर्णीय गुलामांच्या मुक्तीसाठी अमेरिकेतील सज्जनांनी जो निःस्वार्थ त्याग केला, त्याच्या आदरार्थ हे पुस्तक त्यांना अर्पण केलेले आहे. आपल्या देशबांधवांनीही शूद्रांच्या मुक्तीसाठी तोच कित्ता गिरवावा, अशी आशा तीत आहे. मात्र त्याच वर्षी खुद्द अमेरिकेत त्या मुक्तीची काय अवस्था होती, हे क्वचितच सांगितले जाते. हा धागा त्या अवस्थेविषयी आहे.

(२)
१८६० च्या जनगणनेनुसार अमेरिकेत सुमारे ३९ लाख ५० हजार माणसे गुलाम होती. दक्षिणेचा कापूस त्यांच्या श्रमावर पिकत होता आणि मालकांच्या हिशेबवहीत ही माणसे मालमत्ता म्हणून नोंदलेली होती. गुलामगिरीच्या विस्ताराला विरोध करणारे अब्राहम लिंकन त्याच वर्षी राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले. त्यानंतर एकामागून एक अकरा राज्ये संघराज्यातून फुटली. १२ एप्रिल १८६१ रोजी चार्ल्सटनच्या बंदरातील फोर्ट सम्टरवर तोफा डागल्या गेल्या. पुढील चार वर्षांत, जुन्या गणनेप्रमाणे, सुमारे ६ लाख २० हजार सैनिक मृत्युमुखी पडले. अलीकडचे काही संशोधक हा आकडा साडेसात लाखांपर्यंत नेतात.

(३)
युद्धाच्या आरंभी उत्तरेचे घोषित उद्दिष्ट संघराज्य टिकवणे एवढेच होते. ते पालटले, याचे बरेचसे श्रेय गुलामांनाच द्यावे लागते. मळे सोडून हजारो माणसे उत्तरेच्या छावण्यांत येऊ लागली आणि त्यांचे काय करायचे, हा प्रश्न सरकारला टाळता येईना. मे १८६२ मध्ये रॉबर्ट स्मॉल्स नावाच्या तेवीस वर्षांच्या गुलाम खलाशाने, गोरे अधिकारी किनाऱ्यावर गेलेले असताना, ‘प्लँटर’ हे दक्षिणेचे जहाजच चार्ल्सटनच्या बंदरातून बाहेर काढले. आपले कुटुंब आणि सोबती घेऊन, किल्ल्यांना योग्य ते इशारे देत, त्याने ते उत्तरेच्या आरमाराच्या स्वाधीन केले. १ जानेवारी १८६३ च्या मुक्तिघोषणेनंतर कृष्णवर्णीयांना सैन्यभरती खुली झाली आणि सुमारे १ लाख ७९ हजार जण उत्तरेच्या सैन्यात दाखल झाले. मुक्ती ही केवळ सज्जनांची देणगी नव्हती. ज्यांना ती हवी होती, त्यांनी तिच्यासाठी रक्तही सांडले होते.

(४)
एप्रिल १८६५ मध्ये जनरल ली शरण आले. त्याच आठवड्यात लिंकन यांची हत्या झाली. डिसेंबरमध्ये तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपुष्टात आली. केवळ गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीचे श्रम घेण्याची वाट तीत मोकळी राहिली. आता खरा प्रश्न उभा राहिला: मुक्त झालेल्या माणसाने जगायचे कशावर? जनरल शर्मन यांनी जानेवारी १८६५ मध्ये जॉर्जिया आणि दक्षिण कॅरोलिनाच्या किनारपट्टीवरील जमीन मुक्त कुटुंबांना प्रत्येकी चाळीस एकरांपर्यंत देण्याचा आदेश काढला होता आणि सुमारे चाळीस हजार माणसे तेथे वसलीही होती. लिंकन यांच्यानंतर आलेल्या अँड्र्यू जॉन्सन यांनी वर्ष संपण्यापूर्वीच त्यातील बहुतेक जमीन जुन्या मालकांना परत देवविली. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ती कसली, त्यांच्यापुढे पुन्हा मालकाच्याच शेतात वाट्याने राबण्यावाचून दुसरा मार्ग फारसा उरला नाही.

(५)
दक्षिणेतील राज्यांनी ‘ब्लॅक कोड’ नावाचे कायदे करून मुक्त माणसांच्या हालचालींवर, रोजगारावर आणि करारांवर जाचक बंधने घातली. या प्रकाराने उत्तर चिडली. काँग्रेसने जॉन्सन यांना न जुमानता दक्षिणेत लष्करी देखरेख आणली. १८६८ मध्ये चौदावी घटनादुरुस्ती मंजूर होऊन अमेरिकेत जन्मलेल्या प्रत्येकाला नागरिकत्व आणि कायद्याचे समान संरक्षण मिळाले. १८७० च्या पंधराव्या दुरुस्तीने वंशाच्या कारणावरून मताधिकार नाकारण्यास बंदी घातली. इतिहासात हा कालखंड ‘रिकन्स्ट्रक्शन’, म्हणजे पुनर्रचना, या नावाने ओळखला जातो.

(६)
या काळात जे घडले ते थक्क करणारे आहे. सुमारे दोन हजार कृष्णवर्णीयांनी गावपातळीपासून काँग्रेसपर्यंत सार्वजनिक पदे भूषविली. १८७० मध्ये मिसिसिपीचे हायरम रेव्हल्स सिनेटमध्ये आणि दक्षिण कॅरोलिनाचे जोसेफ रेनी प्रतिनिधिगृहात गेले. जहाज पळवणारे रॉबर्ट स्मॉल्स पुढे काँग्रेसमध्ये निवडून आले. ज्या प्रदेशात गुलामाला अक्षरओळख करून देणे अनेक ठिकाणी गुन्हा होता, तेथे सरकारी शाळांची व्यवस्था याच राजवटींनी उभी केली. वृद्ध आजी आणि तिची नात एकाच बाकावर बसून मुळाक्षरे गिरवीत असल्याची वर्णने त्या काळच्या शिक्षकांनी लिहून ठेवली आहेत.

(७)
आता १८७३ कडे वळू. लुइझियाना राज्यात १८७२ च्या निवडणुकीनंतर दोन्ही पक्षांनी विजयाचा दावा केला आणि दोन प्रतिस्पर्धी सरकारे उभी राहिली. ग्रँट परगण्याचे मुख्य ठिकाण कोलफॅक्स. परगण्याला राष्ट्राध्यक्षांचे आणि गावाला उपराष्ट्राध्यक्षांचे नाव दिलेले. तेथील न्यायालय म्हणजे एका मळ्याच्या तबेल्याचे केलेले रूपांतर. त्याच्या रक्षणासाठी कृष्णवर्णीय नागरिक तेथे एकत्र जमले आणि त्यांनी भोवती खंदक खणले. १३ एप्रिल १८७३, ईस्टरचा रविवार. शंभरहून अधिक सशस्त्र गोऱ्यांनी एक लहान तोफ घेऊन हल्ला केला. न्यायालयाला आग लावण्यात आली. बाहेर आलेल्यांपैकी कित्येक जण जागीच मारले गेले. जे कैद झाले, त्यांतील बहुतेकांना त्या रात्री गोळ्या घालण्यात आल्या. मृत कृष्णवर्णीयांचा आकडा साठपासून दीडशेपर्यंत सांगितला जातो. हल्लेखोरांपैकी तिघे मेले.

(८)
दुसऱ्याच दिवशी, १४ एप्रिलला, वॉशिंग्टनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने एक निकाल दिला. प्रकरण न्यू ऑर्लीन्सच्या खाटकांचे होते आणि कोलफॅक्सशी त्याचा संबंध नव्हता. परंतु पाच विरुद्ध चार मतांनी न्यायालयाने चौदाव्या दुरुस्तीतील नागरिकांच्या हक्कांचा अर्थ अतिशय संकुचित केला आणि बहुतेक हक्कांचे रक्षण राज्यांवर सोपवले. कोलफॅक्सच्या हल्लेखोरांपैकी ९७ जणांवर आरोप ठेवले गेले, नऊ जणांवर खटला चालला आणि केवळ तिघे दोषी ठरले. तेही हत्येबद्दल नव्हे, तर नागरी हक्क हिरावण्याचा कट केल्याबद्दल. १८७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘युनायटेड स्टेट्स विरुद्ध क्रुकशँक’ या खटल्यात तीही शिक्षा रद्द केली. चौदावी दुरुस्ती राज्य सरकारांवर बंधन घालते, खासगी व्यक्तींवर नव्हे, हा त्यामागचा मुख्य युक्तिवाद. राज्य स्वतः अन्याय करत नसेल, तर झुंडीपासून संरक्षण मागायला केंद्राकडे येऊ नये, असा त्याचा व्यवहारातील अर्थ झाला. आणि राज्याची सत्ता तर हळूहळू त्याच झुंडीच्या हाती जात होती.

(९)
सप्टेंबर १८७३ मध्ये जे कुक आणि कंपनी ही बलाढ्य पेढी बुडाली आणि अमेरिकेत दीर्घ मंदी सुरू झाली. उत्तरेच्या मतदाराला आता दक्षिणेतील हक्कांपेक्षा स्वतःच्या रोजगाराची चिंता अधिक वाटू लागली. १८७६ ची अध्यक्षीय निवडणूक वादग्रस्त ठरली. रुदरफर्ड हेज १८५ विरुद्ध १८४ अशा एका मताने अध्यक्ष झाले आणि १८७७ मध्ये लुइझियाना व दक्षिण कॅरोलिनाच्या राजधान्यांतील सरकारी इमारतींभोवतीचा केंद्रीय सैन्याचा पहारा उठला. १८९६ मध्ये लुइझियानात सुमारे १ लाख ३० हजार कृष्णवर्णीय मतदार नोंदलेले होते. १८९८ मध्ये राज्याची नवी घटना झाली. १९०४ मध्ये ती संख्या सुमारे १,३०० वर आली. पंधरावी दुरुस्ती या संपूर्ण काळात अस्तित्वात होती. तिचा एकही शब्द बदललेला नव्हता.

(१०)
पराभवानंतर स्मृतीचीही लढाई झाली. कोलंबिया विद्यापीठातील विल्यम डनिंग आणि त्यांच्या शिष्यांनी पुनर्रचनेचे चित्र भ्रष्टाचार आणि अनागोंदीचा काळ असे रंगवले. १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब आंबेडकर ज्या विद्यापीठात शिकत होते, ते हेच. १९२१ मध्ये कोलफॅक्सच्या दफनभूमीत मेलेल्या तीन गोऱ्यांचे स्मारक उभे राहिले. गोऱ्यांच्या वर्चस्वासाठी लढणारे वीर म्हणून त्यांचा गौरव त्यावर कोरला गेला. डू बॉइस यांनी १९३५ मध्ये ‘ब्लॅक रिकन्स्ट्रक्शन इन अमेरिका’ लिहून या इतिहासाला सविस्तर उत्तर दिले, पण ते सर्वमान्य व्हायला आणखी काही दशके गेली. हत्याकांडाला ‘दंगल’ म्हणणारा राज्य सरकारचा फलक २०२१ मध्ये काढला गेला. मारल्या गेलेल्यांची नावे कोरलेले स्मारक २०२३ मध्ये, घटनेला दीडशे वर्षे झाली तेव्हा उभे राहिले.

(११)
मग फुल्यांची अर्पणपत्रिका भाबडी होती काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. फुल्यांनी अमेरिकेकडून घेतलेली गोष्ट मूलभूत होती: जी व्यवस्था शतकानुशतके दैवी आणि अटळ मानली गेली, ती माणसांनी निर्माण केलेली असते आणि माणसे ती मोडू शकतात. ४० लाखांच्या आसपास माणसे मालमत्ता या सदरातून बाहेर पडली, हे कोलफॅक्सनेही पुसले गेले नाही. शिवाय फुले अर्पणपत्रिका लिहून थांबले नाहीत. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला पुण्यात सत्यशोधक समाजाची स्थापना झाली. मुक्तीला शाळा लागते, संघटना लागते आणि रोजच्या व्यवहारातले बळ लागते, हे त्यांना कोलफॅक्सच्या वार्तेवाचूनही कळले होते.

(१२)
चौदावी दुरुस्ती पुढे पुन्हा जागी झाली. १९५४ मध्ये शाळांतील वंशभेद घटनाबाह्य ठरला तो तिच्याच आधारावर, आणि १९६५ च्या मताधिकार कायद्याला बळ मिळाले ते पंधराव्या दुरुस्तीतून. म्हणजे पुनर्रचनेने लिहिलेले शब्द वाया गेले नाहीत. मात्र त्यांना सुमारे नव्वद वर्षे वाट पाहावी लागली आणि त्या काळात पिढ्या खर्ची पडल्या. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत आंबेडकरांनी इशारा दिला होता, की राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता ही विसंगती फार काळ पोसली, तर लोकशाहीचा डोलाराच धोक्यात येईल. कोलफॅक्सची राख डोळ्यांसमोर ठेवून तो इशारा वाचला, म्हणजे १८७३ हे साल केवळ अमेरिकेचे राहत नाही.