खारीचं वाडगं

खारी कुणाच्याही मांडीवर डोकं ठेवते. कुरिअरवाल्याच्या, सिलिंडर आणणाऱ्याच्या, खालच्या मजल्यावरच्या आजींच्या. शेपटी हलवायला लागली की कंबरेपासूनचं सगळं अंग हलतं. सिंहगड रस्त्यावर एका टपरीमागे ती वाढली, चहासोबतच्या खारीच्या चुऱ्यावर; नाव तिथूनच आलं. गोचीड तापानं आडवी पडली तेव्हा कॉलेजच्या एका मुलीनं तिला दवाखान्यात नेलं आणि तिथून ती माझ्याकडे फोस्टरला आली. हिरड्या पांढऱ्याफटक. डॉक्सिसायक्लिन २८ दिवस, भरल्या पोटी, एकही दिवस न चुकवता. विसाव्या दिवशी तिनं माझी चप्पल पळवली आणि मला हायसं वाटलं.

भित्र्या कुत्र्याला घर मिळवून देणं अवघड, असं लोक म्हणतात. मला मायाळू कुत्र्याची काळजी जास्त वाटते. भित्रं कुत्रं पलंगाखाली बसून आपलं सगळं सांगून टाकतं. मायाळू कुत्र्याकडे मात्र कुणी नीट बघतच नाही. दहा मिनिटांत ‘हीच हवी’ म्हणून मोकळे होतात. पहिले तीन आठवडे मलाही तिची शेपटीच दिसत होती.

मग एका संध्याकाळी ती जेवत असताना मी शेजारी सांडलेलं पाणी पुसायला वाकले. गुरगुर नाही, दात नाहीत. फक्त चावणं थांबलं, मान वाडग्यावर आणखी खाली गेली आणि डोळ्याचा पांढरा भाग कडेला दिसला. दोनच सेकंद. मी फडकं तिथंच टाकून मागे सरले.

टपरीमागे मिळालेला घास तिथंच गिळावा लागतो, नाहीतर दुसरं कुणी नेतं. तेवढंच तिला ठाऊक होतं. अशा वेळी बरेच जण मालक कोण ते दाखवायला वाडगं काढून घेतात. त्यानं तिची भीतीच खरी ठरते. मी चार हात लांबून जाता जाता उकडलेल्या चिकनचा तुकडा वाडग्याकडे टाकते आणि न थांबता पुढे जाते. अंग सैल राहिलं तर दोन दिवसांनी वीतभर जवळून. ताठरली तर पुन्हा लांब. गुरगुरली तरी रागवायचं नाही. रागावून गुरगुरणं बंद केलं तर पुढच्या वेळी ती न सांगता चावेल. सहाव्या आठवड्यात माझी पावलं ऐकून ती वाडग्यातून मान वर काढायला लागली, शेपटी हलवत. पण हा विश्वास अजून माझ्याच पावलांपुरता आहे.

मागच्या रविवारी एक कुटुंब आलं. चार वर्षांचा मुलगा तिच्या गळ्यातच पडला, तिनं त्याचा गाल चाटला. त्याच्या आईनं विचारलं, ‘‘कान फाटलाय का हिचा?’’ नसबंदीची खूण आहे, म्हटलं. सोसायटी हरकत घेईल का, ही वडिलांची शंका. प्राणी कल्याण मंडळाची २०१५ची मार्गदर्शक तत्त्वं मी अशांसाठी छापूनच ठेवली आहेत: सोसायटीला कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही. ते वाचून दोघांचे चेहरे खुलले. मग मी वाडग्याचं सांगितलं.

‘‘अहो, इतकी गरीब दिसते!’’

‘‘गरीबच आहे. पण तुमचा बाळ तिच्यापुढची पोळी उचलायला वाकला, तर काय होईल याची हमी आज मी देऊ शकत नाही.’’

लिफ्टचं दार बंद झाल्यावरही मुलाचं रडणं ऐकू येत होतं. खारी दाराच्या फटीला नाक लावून बसली. मी बराच वेळ तिच्याजवळ जमिनीवर बसून राहिले.

काल कोथरूडहून फोन आला. दोघी बहिणी, दोघीही निवृत्त शिक्षिका, घरात लहान मूल नाही. या वेळी वाडग्याचंच आधी सांगितलं, अगदी डोळ्याच्या पांढऱ्या भागासकट. पलीकडे थोडा वेळ शांतता.

मग थोरलीनं विचारलं, ‘‘तुकडे केवढे करायचे चिकनचे?’’

‘‘नखाएवढे,’’ मी म्हणाले.