पिळा

घरातील यंत्रे माणसांप्रमाणेच आपले वय आधी आवाजातून सांगू लागतात. हैदराबादेत काचीगुड्याच्या एका जुन्या मराठी घरात, मोरीलगतच्या बोळकांडीत चौदा वर्षे उभे असलेले धुण्याचे यंत्र गेल्या वैशाखात असेच बोलू लागले. कपडे घुसळताना ते मुकाट असे. परंतु पाणी निथळवण्यासाठी आतले पिंप वेगाने फिरू लागले, की खडकाळ वाटेवरून लोखंडी धावेची गाडी जावी तशी घरघर घरभर पसरे. माजघरातल्या पलंगावर पडलेल्या सासूबाई तो आवाज लक्षपूर्वक ऐकत. त्यांचे वय चौऱ्याऐंशी. दोन वर्षांपूर्वी खुब्याचे हाड मोडल्यापासून त्यांचे जग त्या पलंगापुरते उरले होते, आणि त्या जगाला बाहेरच्या जगाशी जोडणारे जे थोडे आवाज होते, त्यांतला हा एक.

या यंत्राशी त्यांचे नाते कोणी बोलून दाखवले नव्हते. पहाटे पाचाच्या सुमारास, दूधवाला येण्यापूर्वी, सूनबाई पलंगावरची चादर आणि खालचे दुपटे हलक्या हाताने काढून घेई, कोरडी चादर घाली आणि ओली यंत्रात टाकी. घर जागे होईपर्यंत गच्चीतल्या दोरीवर स्वच्छ चादरी वाळत असत. रात्री काय घडले याची वाच्यता त्या घरात कधीही झाली नाही; मुलालाही ते ठाऊक होते न होते. ज्या स्त्रीने साठ वर्षे दुसऱ्यांचे काढले, तिला स्वतःचे काढून घेताना जो संकोच वाटतो, तो या यंत्राने आपल्या पोटात घेतला होता. म्हणून त्याची घरघर ही केवळ खर्चाची सूचना नव्हती.

यंत्र तपासायला ज्यांना बोलावले ते गृहस्थ सत्तरीकडे झुकलेले. सगळी गल्ली त्यांना चाचा म्हणते. त्यांनी दार उघडून पिंप हाताने वर-खाली हलवून पाहिले, कान लावून सावकाश फिरवले आणि निदान सांगितले: "मोटर अच्छीच है. बेरिंगच गया." दखनीतला हा अवधारणाचा 'च' मराठीकडून आलेला आहे हे भाषाभ्यासकांना विदित आहे, चाचांना त्याची दखल घेण्याचे कारण नव्हते. पिंपाच्या आसाभोवती पोलादी गोळ्यांची दोन कडी असतात आणि त्यांच्यापुढे पाणी अडवणारी रबरी मुद्रा असते. मुद्रा झिजली की साबणाचे पाणी आत झिरपते, वंगण धुऊन जाते, गोळ्यांना गंज चढतो आणि घरघर सुरू होते. सहा वर्षांपूर्वी चाचांनी हीच कडी एकदा बदलली होती. या खेपेस मात्र पिंपाला आसाशी जोडणारी धातूची तिपाई खंगली होती आणि आसही झिजला होता. हैदराबादेतील बोअरवेलचे दुष्फेन पाणी आणि त्यावर मात करण्यासाठी सढळ हाताने घातलेला साबण, या दोहोंनी मिळून ते काम केले होते. त्या जातीची तिपाई आता मिळत नव्हती. चाचांनी रुग्णाच्या नातलगांशी बोलावे तशा स्वरात सांगितले, की आता नवे पाहावे.

सासूबाईंच्या बालपणी धुण्याचा प्रश्न यंत्राचा नव्हता, गावाचा होता. परभणीकडच्या ज्या खेड्यात त्या वाढल्या, तेथे परीट हा बाराबलुतेदारांपैकी एक. सुगीला त्याचा धान्याचा वाटा ठरलेला आणि बारशापासून दहाव्यापर्यंत त्याचे काम ठरलेले. बाळंतिणीची, विटाळाची, आजाऱ्याची वस्त्रे परटीण मागल्या दाराने नेई आणि मागल्याच दाराने आणून देई. गावाची अब्रू ज्या हातांनी स्वच्छ राहिली, त्या हातांना पुढचे दार नव्हते, हे त्यांना तेव्हा नैसर्गिक वाटे. पुढे वाटेनासे झाले. १९५९ मध्ये लग्न होऊन त्या हैदराबादेस आल्या तेव्हा परटीण मागे राहिली आणि मोरीतला दगड वाट्याला आला. सहा माणसांचे धुणे, त्यात सासूची नऊवारी लुगडी. पिळा दोघींनी दोन टोकांना धरून घालावा लागे. जात्यावर बसले की ओवी सुचते, धुणे आपटताना श्वासच पुरत नाही, असे त्या म्हणत.

त्यांच्या या दोन्ही गावांचा इतिहास पुढे एका ठिकाणी येऊन मिळतो. काचीगुड्याहून थोड्याच अंतरावर कोठी. तेथे पूर्वीच्या ब्रिटिश रेसिडेन्सीच्या आवारात असलेल्या महिला विद्यापीठाला २०२४ मध्ये चाकली ऐलम्मांचे नाव देण्यात आले. चाकली म्हणजे परीट. १९४० च्या दशकात तेलंगणाच्या लढ्यात आपल्या शेतासाठी आणि उभ्या पिकासाठी देशमुखाशी झुंजलेली ही स्त्री १९८५ मध्ये निवर्तली. इकडे अमरावतीच्या विद्यापीठाला नाव आहे ते गाडगे महाराजांचे. १८७६ मध्ये परटाच्या घरी जन्मलेल्या आणि हाती खराटा घेऊन गावे झाडलेल्या संताचे. दोन भाषांतील दोन विद्यापीठांच्या कमानींवर कपडे धुणाऱ्यांची नावे कोरली जावीत, ही घटना लहान नव्हे. तथापि नावे कमानीवर गेली म्हणून ओली चादर कोणी धुवायची हा प्रश्न सुटत नाही. तो प्रत्येक घरात दर पहाटे नव्याने पडतो.

मुलाने विषय आपल्या पद्धतीने हाती घेतला. मिनिटाला चौदाशे फेरे, मोटरीवर दहा वर्षांची हमी, दूरध्वनीवरून यंत्र सुरू करण्याची सोय, अशी माहिती त्याने दोन रात्री बसून जमवली आणि कागदावर रकाने आखले. सूनबाई बँकेत कर्जाचे अर्ज तपासण्याचे काम करते. रकान्यांपेक्षा जामीन कोण आहे हे पाहण्याची तिला सवय. तिने तो कागद चाचांपुढे ठेवला. कागद बाजूला सारून चाचांनी तीनच प्रश्न विचारले: हमी कोणत्या भागावर आहे? आतले पिंप उघडते की नाही? आणि या शहरात त्याचे सुटे भाग कोण ठेवतो?

पहिल्या प्रश्नानेच रकाने डळमळले. दहा वर्षांची हमी मोटरीची होती. बाकी यंत्राची दोनच वर्षांची. मोटर तर सहसा बिघडतच नाही. चौदा वर्षांनंतर जुन्या यंत्रातला एकमेव धडधाकट अवयव तोच होता. जे मोडत नाही त्याची हमी मोठ्या अक्षरांत आणि जे मोडते त्याची बारीक अक्षरांत, हा न्याय कर्जाच्या कागदांवरून सूनबाईला परिचयाचा होता. दुसरा प्रश्न अधिक खोल गेला. जुन्या यंत्राचे बाहेरचे पिंप दोन अर्धुकांचे होते आणि ती स्क्रूंनी जोडलेली होती. म्हणूनच सहा वर्षांपूर्वी कडी बदलता आली. आता पुष्कळ यंत्रांत ती अर्धुके वितळवून कायमची सांधलेली असतात. आत मूठभर किमतीचे कडे गेले तरी सगळे पिंपच बदलावे लागते, आणि त्याचा खर्च ऐकून माणूस नवे यंत्र घेतो. दुरुस्तीच्या हक्कासाठी ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये एक संकेतस्थळ उघडले खरे. परंतु जे उघडतच नाही त्याच्या दुरुस्तीचा हक्क कागदावरच राहतो.

फेऱ्यांविषयीचा मोह सूनबाईने स्वतः गणित करून मोडला. पिंप फिरताना कपड्यांवर आणि आसावर येणारा ताण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. हजार फेऱ्यांऐवजी चौदाशे म्हटले तर वेग चाळीस टक्क्यांनी वाढतो, पण ताण जवळजवळ दुप्पट होतो. हा ताण शेवटी त्याच दोन कड्यांनी सोसायचा असतो. जेथे ऊन नाही, तेथे चौदाशे फेऱ्यांना अर्थ आहे. हैदराबादेच्या गच्चीत हजार फेऱ्यांनी निथळलेली चादर वैशाखात घटकाभरात वाळते. जे काम सूर्य फुकट करतो, त्यासाठी यंत्राचे आयुष्य का झिजवावे?

मग साधे दोन टाक्यांचे यंत्र का नको, असा प्रश्न मुलाने रास्तच विचारला. त्यात बिघडण्यासारखे थोडे आणि दुरुस्तीही सोपी. परंतु त्यापुढे कोणीतरी उभे राहून ओले कपडे एका टाकीतून दुसरीत टाकावे लागतात. ते कोणीतरी कोण, हे घरात विचारावे लागत नाही. रूथ श्वार्ट्झ कोवन या अमेरिकी विदुषीने १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले, की घरात यंत्रे आली तरी गृहिणीचे श्रमाचे तास त्या मानाने घटले नाहीत. स्वच्छतेच्या अपेक्षा वाढल्या आणि घरातील इतरांची कामे मात्र गळून पडली. काचीगुड्यातल्या बोळकांडीला हे विवेचन परके नव्हते. वरून झाकण उघडणारे स्वयंचलित यंत्र हाही एक पर्याय होता. नळाला जोर नसला तर त्यात बादलीने पाणी ओतता येते. परंतु त्याला पाणी अधिक लागते आणि पाणी एक दिवसाआड येत होते. शिवाय रात्रीच्या चादरींना ऊन पाणी हवे. अखेर ठरले ते असे: समोरून दार उघडणारे, आत पाणी तापवणारे, हजार फेऱ्यांचे, पिंप स्क्रूंनी जोडलेले आणि ज्याची कडी, मुद्रा व तिपाई शहरात मिळतात असे यंत्र. दूरध्वनीवरून ते सुरू होत नव्हते. मुलगा थोडा हिरमुसला, पण त्याने वाद घातला नाही.

दुकानात ते यंत्र शिल्लक नव्हते. ते येईपर्यंत अकरा दिवस गेले. त्या दिवसांत मागल्या गल्लीतील एक बाई सकाळी आठाला येऊन चादरी धुऊन जाई. तिला बाकीच्या बायकांइतकाच मोबदला देत आणि ती पुढच्याच दाराने येई. पण तिला माजघरातूनच मोरीत जावे लागे. जाताना ती सहज पलंगाकडे पाही आणि विचारी, "आज किती आहेत, आजी?" प्रश्नात दंश नव्हता; कामाचा अंदाज होता. सासूबाई भिंतीकडे तोंड करून पडून राहत.

चौथ्या दिवशी चादरी कमी झाल्या. सहाव्या दिवशी एकही नव्हती. मुलाला बरे वाटले. आईची प्रकृती सुधारते आहे असे तो म्हणाला. सूनबाईने उशाचा तांब्या उचलला तेव्हा तो काठोकाठ भरलेला होता. सकाळी तिने भरला होता तसाच. आदल्या दिवशीचा आठवून पाहिला, तोही तसाच होता. सासूबाईंचे ओठ सुकले होते आणि दुपारी त्या दोनदा तिला तिच्या नणंदेच्या नावाने हाका मारीत होत्या. वैशाखातल्या हैदराबादेत त्या पाणी पीत नव्हत्या.

ती रागावली नाही. कारण विचारले असते तर ते सांगावे लागले असते, आणि सांगण्यापेक्षा त्यांनी तहान पत्करली होती. तिने त्या रात्री त्यांच्या पलंगाशेजारी चटई अंथरली, दर तासाला चमच्याने पाणी पाजले आणि पुढचे पाच दिवस रजा काढली. पहाटे पाचाला ती चादर काढून घेई आणि मोरीतल्या जुन्या दगडावर स्वतः धुई. पिळा घालायला दुसरे टोक धरणारे कोणी नव्हते. तिने ते नळाला अडकवले. दुसऱ्या दिवशी मुलगा झोपेतून उठून आला, काही न बोलता नळावरचे टोक सोडवून त्याने हातात घेतले. त्याने आयुष्यात पहिल्यांदा पिळा घातला आणि तो उलट्या दिशेने घातला. त्यानंतर तो रोज पाचाला उठत राहिला.

अकराव्या दिवशी नवे यंत्र आले. जुने नेण्यापूर्वी चाचांनी त्याची मोटर काढून मागून घेतली. कोणाच्या तरी पिठाच्या चक्कीला लावता येईल म्हणाले. नव्या यंत्राचे पाय पाणसळ लावून त्यांनी सारखे केले, कारण तिरके उभे राहिलेले यंत्र आपली कडी लवकर खाते. साबण निम्माच घालावा, दार उघडे ठेवावे, रबरी कड पुसावी, असे बजावून ते गेले.

पहाटे सूनबाईने चादर यंत्रात टाकली. नव्या यंत्राला आवाज जवळजवळ नव्हता. माजघरात सासूबाई जाग्या होत्या आणि कानोसा घेत होत्या.

"लागलंय का गं ते? काही ऐकू येत नाही."

"लागलंय, आई."

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. निथळण्याची वेळ आली तेव्हा बोळकांडीतून बारीकशी गुणगुण आली, दूरच्या जात्यासारखी. त्यांनी मान हलवली. मग उशाशी हात नेऊन त्यांनी तांब्यावरचे फुलपात्र चाचपले.