कापरा हात

माझे अक्षर चांगले होते. हे मीच सांगतो आहे याबद्दल क्षमा असावी. पण ज्या गोष्टीविषयी आता भूतकाळातच बोलायचे, तिच्याबद्दल थोडी फुशारकी मारली तर वाचक रागावणार नाहीत, असे वाटते. १९८३ साली मी मास्तर म्हणून उधव्याला आलो तेव्हा हे गाव ठाणे जिल्ह्यात होते. पालघर जिल्हा झाला तो १ ऑगस्ट २०१४ रोजी. म्हणजे निवृत्तीला दहा महिने उरले असताना, जागचा न हलता, माझी जिल्हाबदली झाली! त्या तीस-बत्तीस वर्षांत गावात जे जे लिहिले गेले त्यातले निम्मे तरी माझ्या हातचे असेल. शाळेच्या भिंतीवरचे सुविचार, किराणा दुकानाची पाटी, पोरांचे दाखले, लग्नपत्रिकांवरची नावे. कोणी नवा माणूस गावात आला आणि ‘ही पाटी कुणी लिहिली?’ असे विचारू लागला, की मी मुद्दाम दुसरीकडे बघत असे. पण कान तिकडेच असत.

त्या हाताला दोन वर्षांपूर्वी काय झाले कोण जाणे! कप उचलताना काही नाही, विळी चालवताना काही नाही, भाताच्या पेंढ्या बांधताना काही नाही. पण बोटांत खडू किंवा पेन आले, की मनगटाला एकदम झटका बसे आणि अक्षर वेडेवाकडे पळे. त्यातही घरात एकटा असलो तर बरे. समोर माणसे असली की संपलेच. २०२३ च्या १५ ऑगस्टला शाळेने मला नेहमीप्रमाणे फलक लिहायला बोलावले. मागे पोरे रांगेत उभी. ‘स्वातंत्र्य’ या शब्दातल्या जोडाक्षरापाशी हात असा काही उडाला, की फळ्यावर बेडकाची आकृती उमटली. मी खडूला बोल लावला. ‘खडू सादळलाय,’ म्हणालो आणि चष्मा पुसत खाली उतरलो. ती गोष्ट मी घरी सांगितली नाही. पुढे शाळेतून बोलावणे आले की मला नेमका ताप येऊ लागला. बँकेत सही जुळेना, तेव्हा खिडकीपलीकडच्या पोराने मला माझ्याच नावाची सही तीनदा करायला लावली आणि तिन्ही निराळ्या आल्या. हिच्या ध्यानात हे आले असणारच. कारण दिनदर्शिकेवर दुधाचा हिशेब ती एक दिवस स्वतःच लिहू लागली. मला काही विचारले नाही.

वापीच्या डॉक्टरांनी सांगितले, की हा म्हातारपणाचा कंप नव्हे. एकच काम वर्षानुवर्षे केले की मेंदू आणि त्या कामाचे स्नायू यांच्यामधला हिशेब कधीकधी बिघडतो. लिहिणाऱ्याचा लिहितानाच हात आखडतो, वाजवणाऱ्याचा वाजवतानाच. बाकी सगळे ठीक. ‘चिंता करू नका,’ असेही ते म्हणाले. ज्याला चिंता नाही त्याला हे सांगणे सोपे असते.

गेल्या दिवाळीत, म्हणजे २०२४ च्या, माझा एक जुना विद्यार्थी भेटायला आला. भाताची कापणी चालली होती, अंगणात पेंढ्यांचा वास भरला होता. हा पोरगा वर्गात मागच्या बाकावर बसून खिडकीतून रानाकडे बघत असे. आता तो मुंबईला चेंबूरच्या गोल्फच्या मैदानावर माळीकाम करतो. मला या गोष्टीची नेहमी गंमत वाटते. आमच्या डहाणू-तलासरीच्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या गवत कापले, भारे बांधले आणि मुंबईच्या तबेल्यांसाठी वखारींत घातले. आता आमचा पोरगा मुंबईत जाऊन गवतच कापतो. फक्त ते गवत कोणतीही म्हैस खात नाही. शेवटच्या हिरवळीवरचे गवत तीन-चार मिलिमीटरच ठेवायचे, असे त्याने सांगितले तेव्हा हिने विचारले, ‘अरे, मग ते लावतात तरी कशाला?’

मी त्याला पत्त्याचा कागद लिहून देऊ लागलो आणि हाताने पुन्हा तोच खेळ केला. मी कागद चुरगळला. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘गुर्जी, हा रोग आमच्या सायबांना पन होतो. यिप्स म्हनतात. लांब फटका झकास मारतील, पन भोकापाशी आले का हात उडतो.’

‘मग काय करतात ते?’

‘कोनी खेळ सोडतो. कोनी काठी बदलतो.’ आणि त्याने मोबाईल काढून मला बर्नहार्ड लँगर नावाच्या जर्मन गृहस्थाची चित्रे दाखवली.

वाचकहो, गोल्फ या खेळाशी माझा संबंध काय? विटीदांडूतली गल मला ठाऊक. गोल्फमध्येही शेवटी एक गल असते, सव्वाचार इंच रुंदीची, एवढेच साम्य. हा श्रीमंतांचा खेळ, हे तर आपण सगळेच धरून चालतो. पण हा लँगर गवंड्याचा मुलगा. बाप युद्धानंतर सैबेरियाच्या छावणीकडे निघालेल्या आगगाडीतून उडी टाकून पळालेला. आउग्सबुर्गजवळच्या खेड्यात हा पोर वाढला आणि आठ-नऊ वर्षांचा असताना तिथल्या क्लबात लोकांच्या काठ्यांच्या पिशव्या वाहू लागला. सभासदांनी टाकून दिलेल्या चार काठ्या पिशव्या वाहणाऱ्या पोरांना मिळाल्या होत्या. त्यातल्या भोकात चेंडू ढकलायच्या काठीचा दांडा वाकडा होता. पंधराव्या वर्षी त्याने खेळ हाच पोटाचा धंदा केला. १९८५ आणि १९९३ साली अमेरिकेतली मास्टर्स स्पर्धा जिंकली. १९८६ साली गोल्फमध्ये जागतिक क्रमवारी प्रथमच निघाली, तिच्यात पहिले नाव याचे. १९८१ मध्ये यॉर्कजवळच्या फुलफर्डला त्याचा चेंडू झाडात अडकला, तर हा सरळ झाडावर चढला आणि फांदीवरून फटका मारून त्याने चेंडू हिरवळीवर आणला. ते छायाचित्र बघून मला आमच्या ताडीच्या झाडांवर सरसर चढणाऱ्या पोरांची आठवण झाली आणि माणूस एकदम ओळखीचा वाटू लागला.

आणखी एक ओळख निघाली. लँगरचा जन्म २७ ऑगस्ट १९५७ चा. माझा १ जून १९५७. (माझी खरी तारीख आईलाही माहीत नव्हती. शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून टाकली. त्या काळची निम्मी पोरे १ जूनलाच जन्मली.) तेव्हा कागदोपत्री मी त्याच्यापेक्षा तीन महिन्यांनी वडील!

या थोरल्या कारागिराचा हात एकदा नव्हे, अनेकदा उडाला. पहिल्यांदा उडाला तो विशीच्या आतच. दोन फुटांवरून चेंडू भोकात घालता येईना. कुणी दुसरा असता तर दुकान मांडून बसला असता. याने काठी धरण्याची पद्धतच बदलली. डावा हात काठीवर खूप खाली नेला आणि उजव्या पंजाने काठीचा दांडा व डाव्या हाताचा पुढचा भाग एकत्र आवळून धरला. दिसायला ते भलतेच विचित्र दिसे. हात मोडलेला माणूस खेळतो आहे असे वाटे. पुढे तेही चालेनासे झाले तेव्हा त्याने छातीपर्यंत येणारी लांब काठी घेतली. काही वर्षांनी नियम आला, की काठी छातीला टेकवायची नाही. २०१६ पासून तो लागू झाला. याने तीच काठी छातीपासून जराशी दूर धरून पुन्हा सराव केला. लोकांनी शंका घेतल्या. हा खेळत राहिला.

मला मात्र सगळ्यात जवळचा वाटला तो १९९१ सालचा प्रसंग. कियावा बेटावर युरोप विरुद्ध अमेरिका असा रायडर चषकाचा सामना होता. तीन दिवसांच्या सामन्याचा निकाल अखेर एकाच चेंडूवर आला. सहा फूट अंतर. चेंडू गेला तर चषक युरोपकडे राहणार, नाही तर अमेरिकेचा. समोर प्रतिस्पर्धी हेल अर्विन, भोवती हजारो माणसे. चेंडू भोकाच्या कडेवरून निघून गेला. लँगर मागे वाकला, डोळे मिटून ओरडला. मोबाईलच्या त्या वीतभर पडद्यावर मी ते तोंड पाहिले आणि मला फळ्यावरचा बेडूक आठवला. फरक एवढाच, की त्याने खडूला बोल लावला नाही. पुढच्याच आठवड्यात तो जर्मनीत स्पर्धा खेळला. शेवटच्या भोकावर सुमारे पंधरा फुटांचा चेंडू घालून बरोबरी केली आणि जिंकला. मी मात्र वर्षभर तापाने आजारी पडत होतो.

आता या कहाणीचा दुसरा भाग. आमच्याकडे जिल्हा परिषद अठ्ठावन्नाव्या वर्षी नारळ देते. गोल्फमध्ये ज्येष्ठांचे निराळे मंडळ आहे. अमेरिकेत ते १९८० साली सुरू झाले आणि पन्नास पुरी झाल्याखेरीज तिथे प्रवेशच नाही! बहुतेक स्पर्धा चारऐवजी तीन दिवसांच्या. मला आधी वाटले, हा पेन्शनरांचा कट्टा असेल. पण ती माणसे तिथे पोटतिडकीने झुंजतात. आपले जीव मिल्खासिंगही पन्नाशीनंतर युरोपातल्या अशा स्पर्धांत उतरले. आणि महूचे मुकेशकुमार तर ज्येष्ठांत नव्हे, तरुणांतच जिंकले. देशात शंभरावर विजेतेपदे मिळवूनही आशियाई मालिकेतले एकही नावावर नव्हते. ते २०१६ च्या डिसेंबरात दिल्लीला मिळाले, वयाच्या ५१ व्या वर्षी. तिथे पहिल्यांदा जिंकणाऱ्यांत त्यांच्याएवढा वयस्क माणूस तोवर झाला नव्हता.

लँगर ज्येष्ठांत आला २००७ साली, आणि त्या वर्षापासून २०२४ पर्यंत एकही मोसम त्याने विजयावाचून सोडला नाही. या मंडळातला सर्वांत जास्त विजयांचा विक्रम होता ४५ चा. तो कुणाचा असेल? हेल अर्विनचा! तोच तो, सहा फुटांच्या चेंडूसमोर उभा असलेला. २ जुलै २०२३ रोजी विस्कॉन्सिनमध्ये अमेरिकन ज्येष्ठ खुली स्पर्धा जिंकून लँगरने ४६ वा विजय मिळवला. वय ६५. त्यानंतर सहा आठवड्यांनी मी फळ्यापुढून पळालो होतो. मी उगाच हिशेब मांडतो, पण मास्तराची सवय जात नाही.

पोरगा चेंबूरला परत गेला. आठवड्याभराने त्याने एक चित्रफीत पाठवली. लँगरची टाच २०२४ च्या फेब्रुवारीत जायबंदी झाली होती. मोठी शीर तुटून शस्त्रक्रिया झाली. तीन महिन्यांत गडी मैदानावर. आणि नोव्हेंबरात फिनिक्सला मोसमाच्या शेवटच्या स्पर्धेत, शेवटच्या हिरवळीवर, तीस फुटांवरून त्याने चेंडू गडगडत सोडला. चेंडू चालला, चालला आणि गडप झाला. विजय ४७ वा, वय ६७. मी ही फीत हिला दाखवली. ती म्हणाली, ‘बरं झालं बाई त्याचं,’ आणि तांदूळ निवडू लागली. थोड्या वेळाने म्हणाली, ‘त्याने काठी कशी धरलीय, ते पुन्हा दाखवा बघू.’

त्या रात्री मी परसात गेलो. जुनी पाटी भिंतीला टेकवली. उजव्या मुठीत खडू आवळून धरला, डाव्या हाताने उजवे मनगट पकडले आणि बोटांऐवजी खांद्यापासून हात फिरवला. अक्षर कसले, बैलगाडीच्या चाकोऱ्या! पण झटका आला नाही. दुसऱ्या दिवशी आला. तिसऱ्या दिवशी निम्मा आला. असे महिने गेले. पेनाने लिहिणे अजून जमत नाही; बँकेत मी आता अंगठा देतो, आणि पहिल्यांदा दिला त्या दिवशी जेवण गेले नाही, हे लपवत नाही. ज्याने गावाचे अंगठे सोडवले, त्याने अंगठा द्यावा!

एप्रिल २०२५ मध्ये लँगर शेवटची मास्टर्स खेळला. दोन दिवसांनंतर पुढे जायला त्याला एक फटका कमी पडला. दुसऱ्या दिवशी अठराव्या हिरवळीवरचा चेंडू भोकात गेला असता तर तो शनिवारी खेळला असता. गेला नाही. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि तो टोपी काढून चालत होता.

यंदा १४ ऑगस्टला मी शाळेत आपणहून गेलो. मुख्याध्यापकबाई माझीच जुनी विद्यार्थिनी. म्हणाली, ‘गुरुजी, बरं वाटतंय ना आता?’ मी म्हणालो, ‘मला ताप नव्हता. माझा हात कापतो. लिहून बघतो, नाही जमले तर पुसू.’ हे वाक्य बोलायला मला दोन वर्षे लागली. मागे पोरे जमली होतीच. मी मनगट धरले आणि खांद्यापासून लिहू लागलो. ‘स्वा’ झाला, ‘तं’ झाला. ‘त्र्य’पाशी हात थोडा उडाला आणि एक शेपूट जास्त निघाले. मी थांबलो. पुसणे हाताशी होते.

मागून एक चिमुरडी शेजारणीला म्हणाली, ‘गुर्जी दोन हातांनी लिवतात, बघ.’

मी पुसणे खाली ठेवले आणि पुढची ओळ धरली.