न बसणारी लिंक
जून लागला की पेणमध्ये मीठसुद्धा पाणी सोडतं. मग डीएसएस या प्रथिनं जोडणाऱ्या पुडीची काय कथा! फ्रीजरमधली कुपी खोलीच्या तापमानाला येण्याआधी उघडली की आत दमट हवा शिरते, काचेवर दव धरतं आणि ही पूड प्रथिनातल्या लायसिन या अमिनो आम्लाला पकडण्याआधीच निकामी होते.

ती पेणची. नवी मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत प्रथिनांचं क्रॉसलिंकिंग करते, म्हणजे जवळजवळचे लायसिन रसायनाने एकमेकांना जोडते. डीएसएसची कुपी ती कुणाच्याही हाती देत नसे. यंदा रोह्याचा एक विद्यार्थी आला. वडील धाटाव एमआयडीसीत रिॲक्टरवर. त्याने कुपीत कोरडा नायट्रोजन सोडला, झाकण आवळलं, वरून पॅराफिल्म गुंडाळली. कुपी आता त्याच्याकडे असते.

तिला छळते ती लांब लिंक. डीएसएसचा हात ११.४ अँगस्ट्रॉमचा. दोन्ही लायसिनच्या लवचीक शाखा धरूनही कण्यापासून कण्यापर्यंतचं अंतर साधारण ३० च्या आत हवं. वस्तुमानाचा स्पेक्ट्रम देखणा येतो, दोन्ही पेप्टाइडांचे तुकडे ओळीने जुळतात, आणि रचनेवर मोजावं तर ४५! ओळख चुकली? प्रथिन खरंच वाकतं? की शेजारच्या रेणूशी गाठ पडली?

२०२१ मध्ये प्रथिनांच्या रचनेचा अंदाज बांधणारं अल्फाफोल्ड २ खुलं झाल्यापासून अनेकांनी हा प्रश्नच मोडीत काढला. मॉडेलवर बसेल ती लिंक ठेवायची, उरलेली गाळायची. याची तिला मनापासून चीड येते. प्रथिन हालचाल करतं याची खूण नेमकी त्या गाळलेल्या लिंकेत असू शकते.

मोठ्या आकड्यांची भूल मात्र तिलाही आहे. २०१८ मध्ये यीस्टच्या केंद्रकछिद्राची रचना ‘नेचर’मध्ये आली. ५५२ प्रथिनांची ती जुळणी बसवायला ३,००० हून अधिक लिंका वापरल्या होत्या. आपल्याही स्लाइडवर असा आकडा झळकावा, लोकांनी मान वळवून बघावं, ही हौस तिला आहे. पण आकडा खरा हवा. म्हणून तर एकाच प्रथिनातल्या आणि दोन प्रथिनांमधल्या लिंकांचा चूकदर एकत्र मोजणारे तिला खपत नाहीत. पहिल्या ढिगाच्या आडोशाला दुसऱ्यातल्या चुका लपतात.

लांब लिंकेसाठी विद्यार्थ्याने साधं प्रथिन आणि नायट्रोजन-१५ या जड नायट्रोजनवर वाढवलेलं प्रथिन समप्रमाणात मिसळलं. गाठ दोन रेणूंमधली असती तर मिश्र वजनाची शिखरंही उमटली असती. दोनच उमटली, एक हलकं, एक जड. म्हणजे लिंक एकाच रेणूतली. मग ती प्रथिनाच्या हालचालीची खूण आहे का? एटीपी दिल्यावर ती मावळते का, हे आता बघायचं आहे. त्यासाठी प्रथिन पुन्हा शुद्ध करायला घेतलंय.