फाटकावरचा कॅमेरा

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले. मधला सगळा वेळ एका कॅमेऱ्याने खाल्ला. फोटो काढायचा नव्हे, फाटकावर लावायचा.

आमचं घर चिपळूणहून गुहागरला जाणाऱ्या रस्त्याला लागून, ऐन वळणावर. गेल्या श्रावणात पहाटे पेपर टाकणाऱ्या मुलाच्या सायकलला एका गाडीने उडवलं आणि गाडी तशीच निघून गेली. मुलगा वाचला, पण पाय दोन ठिकाणी मोडला. पोलिसांनी आधी हेच विचारलं, "बाई, कॅमेरा आहे का?" गाडी सापडली नाही तरी 2022 च्या योजनेप्रमाणे गंभीर जखमीला 50,000 रुपये मिळतात. पण गाडी सापडली तर तिच्या विम्यातून रीतसर भरपाई मागता येते. दोन ठिकाणी मोडलेल्या पायाला 50,000 कुठवर पुरणार?

पुण्याचा भाचा म्हणाला, "मावशी, सोलरवाला घे. वायरच नको." ऐकायला छान. पण बॅटरीवरचे बहुतेक कॅमेरे एरवी झोपलेले असतात. समोर काही हललं की जागे होतात, थोडा वेळ टिपतात, पुन्हा झोपतात. रस्त्यावर सतत काहीतरी हलतच असतं, त्यामुळे बॅटरी उतरते. जागं व्हायला क्षणभर उशीर झाला तर गाडीची फक्त पाठ दिसते. शिवाय आमच्याकडे पावसाचे चार महिने ऊन कुठून आणायचं?

माझ्या अटी दोनच. चोवीस तास चित्रण हवं आणि कोणी शिडीवर चढायला लागू नये. माझा गुडघा बदललेला, आणि ह्यांना शिडीवर चढवायची माझी छाती नाही.

म्हणून पीओई पद्धत पसंत केली. एकाच केबलमधून वीज जाते आणि चित्र येतं, 100 मीटरपर्यंत. पेटी घरात, कपाटावर, छोट्या यूपीएसला जोडलेली. म्हणजे दिवे गेले तरी काही वेळ काम चालू. साठवण मेमरी कार्डावर नको, सतत लिहून ते झिजतं; अशा कामासाठी बनवलेली हार्ड डिस्क घ्यायची. मी जन्मभर मराठी शिकवलं, तरी हा हिशोब स्वतः मांडला. सेकंदाला 4 मेगाबिट म्हणजे अर्धा मेगाबाईट, दिवसाचे सेकंद 86,400, म्हणजे रोजचे साधारण 43 गीगाबाईट. दोन कॅमेरे आणि 2 टेराबाईटची डिस्क धरली तर 23 दिवस. मग सगळ्यात जुनं आपोआप पुसलं जातं.

दोन कॅमेरे का? दुकानदार सांगत होता, एकात सगळं येतं. येत नाही! 2.8 मिलिमीटरच्या भिंगात सगळं वळण मावतं, पण 20 मीटरवरची नंबरप्लेट मुंगीएवढी होते. त्यासाठी 12 मिलिमीटरचा दुसरा, फक्त रस्त्याच्या एका पट्ट्याकडे रोखलेला, शटर वेगवान ठेवून. रात्री त्यात बाकी सगळं काळं दिसतं, पण कॅमेऱ्याच्या इन्फ्रारेड उजेडात पाटी चमकते.

कोकणातला खरा शत्रू मात्र कोळी. या दिव्यांपाशी किडे जमतात, त्यांच्यामागे कोळी येतो आणि जाळं नेमकं भिंगासमोर विणतो. रात्री ते पांढरंफेक दिसतं. म्हणून रुंद कॅमेऱ्याचे दिवे बंद ठेवून चार हात लांब वेगळा दिवा लावायचा. पाटीवाल्याचे बंद करता येत नाहीत. त्याच्यासाठी बांबूला बांधलेला कुंचा, जमिनीवरूनच फिरवायचा. घुमटाचा आकार नकोच, थेंब आणि धूळ त्यावर बसून राहतात. वर पत्र्याची झड असलेला लांबट बरा, आयपी 67 चा, म्हणजे धूळ आत जात नाही आणि पाण्याचीही भीती नाही.

आणखी एक. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे असं चित्रण कोर्टात द्यायचं तर सोबत प्रमाणपत्र लागतं. तेव्हा मूळ फाईल जपायची, नुसती व्हॉट्सअपवर पाठवून भागत नाही. आणि पेटीतलं घड्याळ बरोबर हवं.

समोरच्या काकू दुपारभर ओटीवर बसतात. त्यांनी काळजीने विचारलं, "मी दिसेन का गो त्यात?" चित्राचा तेवढा भाग काळा करता येतो. कॅमेरे लागले की आधी काकूंनाच बोलावून तो काळा चौकोन दाखवायचा, असं ठरलंय.