काला अंब : हरवलेल्या मोहरांचे रणांगण

दिल्लीच्या उत्तरेला सुमारे ९० किलोमीटरवर पानिपत आणि शहराबाहेर थोड्या अंतरावर काला अंब. नाव आंब्याचे, पण तो आंबा आता नाही. त्या जागी विटांचा एक स्तंभ उभा आहे. रणात सांडलेल्या रक्ताने इथल्या आंब्याची फळे काळी पडली, अशी आख्यायिका आहे. मराठे आणि अहमदशहा अब्दाली यांची लढाई १४ जानेवारी १७६१ रोजी याच परिसरात झाली.

ही लढाई तलवारीइतकीच पैशाचीही होती. नाण्यावर नाव कोणाचे, यावरून राज्य कोणाचे हे ठरे. रोमन सम्राट नाण्याच्या एका बाजूला स्वतःचा चेहरा छापत आणि दुसऱ्या बाजूला अनेकदा पंखवाली विजयदेवता. मोगलांच्या रुपयावर सहसा चेहरा नसे. फारसीत बादशहाचे नाव, राज्यवर्ष आणि टांकसाळ एवढेच असे. १७५७ मध्ये दिल्ली घेताच अब्दालीने तिथल्या रुपयावर आपले नाव घातले.

ऑगस्ट १७६० मध्ये दिल्ली सदाशिवरावभाऊंच्या हाती आली, पण फौजेचा खर्च भागेना. तेव्हा त्यांनी लाल किल्ल्यातील दिवाण-इ-खासचे रुप्याचे छत उतरवून त्याचे रुपये पाडले. ते सुमारे नऊ लाख भरले आणि महिनाभरात संपले. ऑक्टोबरमध्ये भाऊंनी शहाआलमला बादशहा म्हणून जाहीर केले. दिल्लीचा रुपया त्याच्या नावाने निघाला. शिवरायांच्या होनावर देवनागरीत ‘श्री राजा शिव’ अशी अक्षरे होती. दिल्ली जिंकूनही मराठ्यांनी तिथे आपले नाव कोरले नाही. ते बादशाही राखायला आले होते, हे त्या रुपयावरूनच कळते.

पुढे पानिपतच्या छावणीत उपासमार सुरू झाली. जानेवारीच्या आरंभी दिल्लीहून रुपयांच्या थैल्या घेऊन निघालेले काही स्वार रात्री वाट चुकले. आपलीच छावणी समजून ते अफगाणांच्या तळात शिरले, मराठीत बोलले आणि मारले गेले.

पराभवाची बातमी नानासाहेब पेशव्यांना कळली तीही सावकारी भाषेत. गळालेले दोन मोती म्हणजे विश्वासराव आणि भाऊ, हरवलेल्या मोहरा म्हणजे सरदार. रुपये आणि खुर्दा म्हणजे साधे शिपाई; त्यांची तर गणतीच नव्हती.

दरवर्षी १४ जानेवारीला महाराष्ट्रातून आणि हरियाणातून माणसे इथे जमतात. दिल्लीहून सकाळी रेल्वेने किंवा बसने निघाल्यास संध्याकाळी परतता येते. दिल्ली पाहायला जाणाऱ्या मराठी कुटुंबाने एक दिवस त्या गणती नसलेल्या खुर्द्यासाठी जरूर राखावा.