एक वर्षावास आम्हाला द्या

विद्योदय परिवेण, मालिगाकंद, कोलंबो
येथील सर्व आचार्य भिक्खूंना आणि पंडितांना,



भन्ते, हे पत्र महाराष्ट्रातून लिहितो आहे. आपल्यापैकी कुणाशी माझा परिचय नाही. तरीही थोड्या हक्काने लिहितो, कारण आम्ही मराठी माणसे आपल्या परिवेणाचे जुने ऋणाईत आहोत. ते ऋण जाहीरपणे मान्य करावे आणि त्याच ओघात आणखी एक मागणे मागावे, एवढ्यासाठी हे पत्र.

1902 साली पंचविशीतला एक तरुण आपल्या परिवेणात आला. गोव्यातल्या साखवाळचे हे धर्मानंद दामोदर कोसंबी. ‘बालबोधमेवा’ या मुलांच्या मासिकात त्यांनी बुद्धाविषयी एक लेख वाचला होता. त्या लेखाने त्यांना असे झपाटले, की 1899 च्या अखेरीस पत्नीला आणि लहान मुलीला मागे ठेवून ते घराबाहेर पडले. पुणे झाले, ग्वाल्हेर झाले, काशीत अन्नछत्रात जेवून संस्कृताचे अध्ययन झाले. पुढे नेपाळ, बुद्धगया, कलकत्ता. बुद्ध ज्या भूमीत जन्मले, तिथे त्यांची वचने मुळातून शिकण्यासाठी हा माणूस गावोगाव हिंडला, आणि अखेर त्याला समुद्र ओलांडून आपल्याकडे यावे लागले.

हिक्कडुवे श्री सुमंगल महाथेर तेव्हा पंचाहत्तरीला आले होते. 1873 मध्ये त्यांनी विद्योदय स्थापन केले, त्याला जवळजवळ 30 वर्षे होत आली होती. महावंसाच्या संपादनासारखे मोठे काम त्यांच्या नावावर होते. अमेरिकन बौद्ध कर्नल ऑल्कट यांनी 1881 मध्ये बौद्ध धर्माची प्रश्नोत्तरी लिहिली, तीही प्रसिद्धीपूर्वी त्यांच्याच नजरेखालून गेली. एवढ्या अधिकाराच्या आचार्यांनी गोव्याहून आलेल्या एका अनोळखी माणसाला श्रामणेराची दीक्षा दिली आणि पाली शिकण्याची वाट मोकळी करून दिली. या माणसाच्या पाठीशी ना संस्था होती, ना पैसा. त्याच्यापाशी होती ती शिकण्याची ओढ, आणि आपल्या आचार्यांना तेवढी पुरली.

त्या एका विद्यार्थ्याने आमच्याकडे काय काय आणले ते सांगतो. 1912 पासून सहा वर्षे ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवत होते. पु. वि. बापट, चिं. वै. राजवाडे, ना. के. भागवत ही पाली अभ्यासकांची पिढी त्यांच्या हाताखाली तयार झाली. लंकेत सिंहली अक्षरांत वाचला जाणारा ‘विसुद्धिमग्ग’ त्यांनी 1940 मध्ये नागरी लिपीत छापून दिला. ‘बुद्ध, धर्म आणि संघ’, ‘बुद्धलीलासारसंग्रह’, ‘भगवान बुद्ध’ ही पुस्तके साध्या, स्वच्छ मराठीत लिहिली. 1937 मध्ये मुंबईत परळच्या कामगारवस्तीत त्यांनी ‘बहुजनविहार’ काढला. मालिगाकंदला मिळालेली विद्या गिरणगावापर्यंत पोचली ती अशी.

मला याहून मोठे वाटणारे ऋण वेगळेच आहे. आपल्या आचार्यांनी कोसंबींना भाषा दिली आणि तिच्याबरोबर स्वतः वाचण्याची मोकळीकही दिली. म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहून सिद्धार्थ घराबाहेर पडला, ही कथा परंपरेने शतकानुशतके सांगितली आहे. कोसंबींनी मूळ ग्रंथ पुढे घेतले. हा प्रसंग ‘महापदानसुत्ता’त येतो तो विपस्सी या पूर्वीच्या बुद्धाच्या चरित्रात, आणि तिथून तो गोतमाच्या चरित्रात शिरला, असे त्यांनी दाखवले. ‘सुत्तनिपाता’तल्या ‘अत्तदण्डसुत्ता’त त्यांना दुसरे कारण दिसले: माणसे एकमेकांवर शस्त्र उगारतात हे पाहून आलेला उद्वेग. त्याला त्यांनी शाक्य आणि कोलिय यांच्यातल्या रोहिणी नदीच्या पाण्याच्या भांडणाची पार्श्वभूमी जोडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्येही सिद्धार्थाच्या गृहत्यागामागे हेच भांडण उभे आहे. लंकेतल्या कितीतरी भिक्खूंना हा निष्कर्ष मान्य नसेल. पण तो काढण्याचे बळ आपल्याच परंपरेने जपलेल्या ग्रंथांनी दिले. शिष्याला आपल्याशी असहमत होण्याइतके समर्थ करणारा गुरू दुर्मीळ असतो, आणि आपल्या परिवेणाचे ते मोठेपण आम्ही विसरलेलो नाही.

आपल्या शेजारच्या विद्यालंकार परिवेणाचेही असेच उपकार आहेत. राहुल सांकृत्यायन तिथे संस्कृत शिकवता शिकवता त्रिपिटक शिकले. भदन्त आनंद कौसल्यायन आणि भिक्खू जगदीश काश्यप यांचा त्याच परंपरेशी संबंध. काश्यपांच्या संपादनाखाली नालंदाहून नागरी लिपीतले त्रिपिटक 41 खंडांत निघाले. कौसल्यायनजींनी आयुष्याची अखेरची वर्षे नागपुरात घालवली आणि बाबासाहेबांचा ग्रंथ हिंदीत आणला.

आता आमची आजची स्थिती सांगतो.

14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात बाबासाहेबांनी आपल्या लाखो अनुयायांसह धम्माचा स्वीकार केला. 2011 च्या जनगणनेनुसार भारतात सुमारे 84 लाख बौद्ध आहेत आणि त्यांतले 65 लाखांहून अधिक एकट्या महाराष्ट्रात. घरात मूल जन्मले की, लग्न लागले की, कुणी गेले की, आमच्याकडे पालीतून त्रिशरण, पंचशील आणि वंदना म्हटली जाते. लहान पोरांनाही ती तोंडपाठ असते. पण म्हणणाऱ्यांपैकी फार थोड्यांना त्या ओळीतली विभक्ती, क्रियापद, शब्दाचा नेमका अर्थ उलगडतो. आमच्या विद्यापीठांत पालीचे विभाग आहेत, बारावीला पाली विषय घेता येतो. तरीही ती वस्तीतल्या विहारात पोचत नाही. 3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्र सरकारने मराठी आणि पाली या दोन्ही भाषांना एकाच निर्णयाने अभिजात दर्जा दिला. आम्हाला त्याचा आनंद झाला. परंतु भाषा जगते ती शिकवणाऱ्यांच्या आणि शिकणाऱ्यांच्या कष्टांवर, आणि ते कष्ट अजून व्हायचे आहेत.

बाबासाहेबांना हे पुरते माहीत होते. पालीचे व्याकरण आणि शब्दकोश यांसाठी त्यांनी स्वतः काम केले. ते त्यांच्या समग्र वाङ्मयाच्या 16 व्या खंडात आहे. देशाचे कायदामंत्री असताना, संविधान आणि हिंदू कोड बिल यांच्या धकाधकीच्या काळात, हा माणूस पालीकडे वळत होता. ते व्याकरण उघडून बसणारे आमच्यात किती आहेत, हा प्रश्न मला बोचतो.

म्हणून मागणे असे आहे, भन्ते. आपल्या देशातून आमच्याकडे भिक्खू येतात. धम्म परिषदांना येतात, मूर्तींच्या प्रतिष्ठापनेला येतात, आशीर्वाद देऊन जातात. लोक त्यांच्या पाया पडतात, फोटो काढतात. या येण्याचा आम्हाला आदरच आहे. पण आमची गरज एका दिवसात भागणारी नाही. आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंतचे तीन महिने भिक्खूला एका जागी राहायचे असते; हाच वर्षावास. नेमके याच तीन महिन्यांत आमच्या विहारांत ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चे वाचन चालते. दिवसभराचे काम उरकून बाया-माणसे संध्याकाळी विहारात येऊन बसतात. शिकवायला याहून चांगला वर्ग कुठे मिळेल? आपल्यापैकी काहींनी एक वर्षावास आमच्या विहारांत करावा आणि त्या तीन महिन्यांत रोज तासभर पाली शिकवावी. वंदनेपासूनच आरंभ करा. जे शब्द आम्हाला पाठ आहेत ते सुटे करून दाखवा, मग ‘धम्मपदा’कडे न्या, मग एखादे लहानसे सुत्त आम्हालाच वाचू द्या.

भाषेची अडचण येईल, पण ती सुटण्याजोगी आहे. आपले कित्येक तरुण भिक्खू पुण्याच्या विद्यापीठात शिकून गेले आहेत, त्यांना थोडीफार हिंदी आणि आमची राहणी ठाऊक आहे. लिपी आम्ही नागरी वापरू. निवास, भोजनदान, वह्या-पुस्तके हा सारा भार विहारांचा. वर्गात स्त्रियांना पुढची जागा असावी, एवढा आग्रह मात्र धरतो. आमच्या विहारांचे दैनंदिन जीवन त्यांनीच सांभाळले आहे. विनयाचे सर्व नियम पाळूनही त्यांना शिकवता येते, हे आपण आमच्याहून चांगले जाणता.

आणखी एक गोष्ट मोकळेपणाने बोलायला हवी. आमचे लोक तुम्हाला जातीबद्दल विचारतील. 1753 मध्ये सयामहून उपसंपदा, म्हणजे भिक्खूची पूर्ण दीक्षा, लंकेत परत आली, आणि पुढे सियाम निकाय या भिक्खुपरंपरेत ती एका उच्च मानलेल्या जातीपुरती मर्यादित झाली. इतर जातींच्या श्रामणेरांना ब्रह्मदेशात जावे लागले आणि 1803 मध्ये अमरपूर निकाय उभा राहिला. हा इतिहास आमच्यातल्या वाचणाऱ्यांना माहीत आहे. ज्यांच्या आजोबांनी जात टाकण्यासाठी धम्म घेतला, ते संघात जात कशी राहिली हे विचारणारच. तो प्रश्न अनादर समजू नका. त्याला खरे उत्तर द्या, आणि जे चुकले असे आपल्याला वाटते ते चुकले म्हणा. वर्गात असा प्रश्न उठला तर आपले शिकवणे आमच्या जगण्याला भिडले, असे समजा. आमच्याकडून आम्हीही ऐकून घेऊ. बाबासाहेबांनी दाखवलेली वाट सोडायला आम्ही तयार नाही. मात्र तिच्यावरून चालताना मूळ वचन काय आहे हे तपासण्याची शिस्त आम्हाला हवी आहे, आणि ती शिस्त आपल्या परिवेणांनी शतकभराहून अधिक काळ सांभाळली आहे.

धर्मानंदांना आपल्याकडे यावे लागले, कारण त्या काळी इकडे दार ठोठावावे असे घर नव्हते. आज महाराष्ट्रात हजारो विहार आहेत, ऐकायला माणसे आहेत, त्यांच्या ओठांवर पाली आहे. उणीव आहे ती शिकवणाऱ्यांची. येत्या वर्षावासासाठी चार आचार्य पाठवा; चार नाही जमले तर एक पाठवा. त्यांना घ्यायला आम्ही येऊ, आणि पुढच्या आषाढापर्यंत त्यांच्या विद्यार्थ्यांमधून इथलेच नवे शिक्षक उभे करण्याची जबाबदारी आमची.

उत्तराची वाट पाहतो.

आपला नम्र,
महाराष्ट्रातला एक पाली-विद्यार्थी